दिल्लीला कधी जावं? चोवीस पंधरवड्यांतून एक निवडण्याची कृती

महाराष्ट्रातून दिल्ली पाहायला जाणारी बहुतेक कुटुंबं वर्षातून तीनच वेळा निघतात: दिवाळीच्या सुट्टीत, नाताळच्या आठवड्यात, नाहीतर मे महिन्यात. मुलांच्या शाळा तेव्हाच बंद असतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण दिल्लीच्या वर्षातले सर्वांत त्रासाचे दिवस नेमके हेच आहेत. दिवाळीनंतर धूर, नाताळात धुकं, मेमध्ये लू. मग घसा धरलेली, गाडी नऊ तास उशिरा पोचलेली किंवा कुतुबमिनारच्या आवारात उन्हाने भोवळ आलेली माणसं घरी येऊन सांगतात की दिल्लीत काही राम नाही. मला हे ऐकवत नाही. हुमायूनचा मकबरा, लोदी बाग, चांदनी चौक आणि राष्ट्रपती भवनाची बाग एका गावात असताना त्या गावाबद्दल असं मत व्हावं, तेही केवळ तारीख चुकल्यामुळे, हे वाईट आहे. म्हणून तारीख निवडण्याची ही रीत सविस्तर देत आहे. सगळे घरी असताना एखाद्या रविवारी बसलात तर तासाभरात काम होतं.

काय लागेल: भिंतीवरचं कालनिर्णय, एक कोरा कागद, पेन्सिल, घरातल्या प्रत्येकाच्या रजा आणि परीक्षांच्या तारखा. फोनवर हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ही दोन ॲप घेऊन ठेवा. ती शेवटच्या पायरीला लागतील.

१. कागदावर चोवीस घरं आखा

बारा महिने लिहा आणि प्रत्येकाचे दोन पंधरवडे करा. महिना हे माप दिल्लीसाठी फार मोठं आहे. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि दुसरा पंधरवडा यांत हवेचा जमीन-अस्मानाचा फरक असतो. जानेवारीची सुरुवात आणि अखेर यांचंही तेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्ली हिंडता येते, शेवटच्या आठवड्यात दुपारी दार उघडवत नाही.

२. उन्हाळ्याची पाच घरं खोडा

एप्रिलचा दुसरा पंधरवडा, अख्खा मे, अख्खा जून. दिल्लीचं कमाल तापमान मेमध्ये सरासरी ४० अंशांच्या आसपास असतं आणि मध्येच ४५ च्या पुढे जातं. विदर्भातल्या वाचकाला हे आकडे नवे नाहीत. तो डोक्याला दुपट्टा बांधून, कांदा खिशात ठेवून निघेलही. पण मुंबई-कोकणातल्या माणसाची फसगत होते, कारण त्याचं शरीर घामावरून उन्हाचा अंदाज घेतं. दिल्लीतली मेची हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो वाळून जातो. अंगातलं पाणी कमी झालेलं लक्षात येतं ते डोकं दुखायला लागल्यावर. त्यातून दिल्लीत पाहायचं ते सगळं चालत पाहायचं आणि दगडावरून चालायचं. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून दिवाण-ए-खासपर्यंत सावली थोडी आणि तापलेली फरसबंदी फार.

मेमध्येच जाणं भाग असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी नऊपर्यंत बाहेर, दुपारी संग्रहालयात, पुन्हा पाचनंतर बाहेर. या दिवसांत एक गोष्ट मात्र खरोखर पाहण्यासारखी असते. अमृता शेरगिल मार्गावर दोन्ही बाजूंना बहावा फुललेला असतो, आणि भल्या सकाळी तिथे गेलं तर रस्त्यावर पिवळा सडा पडलेला दिसतो.

३. धुराची घरं खोडा, आणि दिवाळी कधी आहे ते पाहा

नोव्हेंबरचे दोन्ही पंधरवडे खोडा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यावर प्रश्नचिन्ह ठेवा.

दिवाळीचे फटाके हे या खराब हवेच्या कारणांपैकी फक्त एक, आणि तेही थोड्या दिवसांचं. पंजाब-हरियाणात भात कापल्यावर गव्हाच्या पेरणीसाठी शेत लवकर मोकळं करायचं म्हणून उरलेले खुंट जाळतात. त्यालाच तिकडे पराली म्हणतात. त्या सुमाराला वारा वायव्येकडून येतो आणि मंद असतो. थंडी सुरू झाली की जमिनीजवळची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून पडते आणि गाड्यांचा, बांधकामांचा, भट्ट्यांचा सगळा धूर शहरावरच साठून राहतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ५० पर्यंत ‘चांगला’ मानतात, ३०० च्या पुढे ‘अतिशय खराब’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा आकडा ४९० च्या वर गेला होता. मोजपट्टी संपते ५०० ला. अशा दिवसांत सरकार टप्प्याटप्प्याने निर्बंध लावतं, जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर बंदी येते, शाळा ऑनलाइन जातात. पर्यटकाच्या दृष्टीने सांगायचं तर इंडिया गेटसमोर उभं राहून राष्ट्रपती भवन दिसत नाही.

आता कालनिर्णय उघडा. अधिक महिना आलेल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. अशा वर्षी फटाके आणि पराली दोन्ही एकाच आठवड्यात येतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतली दिल्ली सरळ रद्द करा. दिवाळी ऑक्टोबरात असेल आणि सुट्टी तिच्या आधी तीन-चार दिवस लागत असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या आत जाऊन परत येणं हा निभावण्यासारखा मार्ग आहे. भाऊबीज उरकून निघणं मात्र नको. शिवाय दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. तिच्या आधीचा आठवडाभर बिहार-पूर्वांचलकडे निघालेल्या लाखो माणसांनी नवी दिल्ली आणि आनंद विहार ही स्थानकं भरलेली असतात. लहान मूल कडेवर घेऊन त्या गर्दीत शिरू नये.

४. धुक्याची घरं खोडा, दोन अपवाद सोडून

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचे दोन्ही. थंडी हे कारण नाही. जानेवारीत रात्रीचा पारा ७-८ अंशांवर येतो, दुपारी २० पर्यंत जातो, आणि स्वेटर-टोपी असली तर हे छान वाटतं. अडचण धुक्याची आहे. ते पहाटे उतरतं, कधी दुपारी बारापर्यंत उठत नाही, आणि आपण महाराष्ट्रातून जातो तो आग्रा-मथुरा-दिल्ली हा शेवटचा टप्पा त्यातच सापडतो. गाड्या तासन् तास उशिरा धावतात. काही गाड्या रेल्वे आधीच जाहीर करून धुक्यापायी रद्द ठेवते. सकाळची विमानं रखडतात. यमुना एक्स्प्रेस वेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी वेगमर्यादा मुद्दाम खाली आणतात. आग्र्याला पहाटे पोचून ताजमहालासमोर उभं राहिलं तरी समोर पांढऱ्याशिवाय काही नाही, असं सर्रास होतं. चार दिवसांच्या सहलीतले दोन अर्धे दिवस असे गेले की हातात काय राहतं?

पहिला अपवाद प्रजासत्ताक दिनाचा. संचलन प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर जानेवारीची अखेर डोळसपणे निवडा. तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ संकेतस्थळावर जानेवारीत निघतात. महाराष्ट्राचा चित्ररथ दर वर्षी असतोच असं नाही, तो आहे का ते आधी पाहा. मात्र त्या आठवड्यात मध्य दिल्लीतले रस्ते आणि काही मेट्रो स्थानकं अधूनमधून बंद राहतात आणि लाल किल्लाही काही दिवस पाहता येत नाही. माझ्या मते २६ तारखेच्या गर्दीपेक्षा २९ जानेवारीचा विजय चौकातला ‘बीटिंग रिट्रीट’ अधिक देखणा. सैन्याची बँडपथकं वाजवत परततात, सूर्य मावळतो आणि रायसीना टेकडीवरच्या इमारतींवर एकदम दिवे लागतात.

दुसरा अपवाद मराठी माणसाचा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसं दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या काला आम्ब इथे जातात. तिथे जायचं तर संक्रांतीलाच जावं, धुकं असो की नसो. ती थंडी अंगावर घेतल्याशिवाय उपाशी पोटी लढलेल्या त्या फौजेची कल्पना येत नाही. फक्त दिल्लीहून पहाटे निघू नका. महामार्गावर पुढची गाडी दिसायला लागली की निघा, बहुधा दहानंतर. एक दिवस हाताशी असेल तर दिल्लीतच यमुनेकाठचा बुराडी घाटही पाहा. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला तिथे पडले.

५. पावसाळ्याची घरं खोडू नका, त्यांवर त्रिकोण काढा

दिल्लीत मोसमी पाऊस २७ जूनच्या सुमारास पोचतो आणि २५ सप्टेंबरच्या आसपास परततो. मुंबईकराने त्याला घाबरायचं कारण नाही. दिल्लीचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या जेमतेम एक तृतीयांश. पण जुलैत दमटपणा फार असतो, आणि थोड्या वेळात जोराचा पाऊस झाला की पुलांखालचे रस्ते तुंबतात. १३ जुलै २०२३ ला यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि पाणी लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीला लागलं होतं.

तरीही त्रिकोण अशासाठी की वर्षातली सर्वांत स्वच्छ हवा याच दिवसांत असते. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याने वसंत वगैरे सोडून ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर घ्यावा. लोदी बाग तेव्हा हिरवीगार असते. गेली काही वर्षं राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान १६ ऑगस्टपासून महिनाभर पुन्हा उघडतं. १५ ऑगस्टच्या सुमाराला जुन्या दिल्लीच्या गच्च्यांवरून पतंग उडतात. पण १५ ऑगस्टच्या आधी बरेच दिवस लाल किल्ला तयारीसाठी बंद ठेवतात, तेव्हा तो पाहायचा असेल तर १५ नंतरचंच आरक्षण करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंग्यूचे डास असतात. लांब बाह्यांचे कपडे आणि मलम पिशवीत हवंच.

६. उरलेल्या घरांत, तुम्हाला काय हवंय ते लिहा

आता कागदावर त्रिकोण सोडून सात-आठ घरं उरली असतील: फेब्रुवारी, मार्च, एप्रिलची सुरुवात, ऑक्टोबरचा पहिला आणि कदाचित दुसरा पंधरवडा, डिसेंबरचा पहिला पंधरवडा. इथवर आपण काय टाळायचं ते पाहिलं. आता काय मिळवायचं ते.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुधा नवरात्र येतं. दिल्लीचं नवरात्र म्हणजे रामलीला. लाल किल्ल्यासमोरच्या मैदानांत रोज रात्री रंगमंच उभा असतो आणि दसऱ्याला रावण जाळतात. दुपारी ऊन लागतं, पारा ३३-३४ असतो, पण संध्याकाळ सुखाची.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा खवय्यांसाठी ठेवा. हवा खराबच असते, मात्र नोव्हेंबरइतकी नाही, आणि दाट धुकं अजून यायचं असतं. चांदनी चौकाच्या गल्ल्यांत वेताच्या उंच तिवईवर मोठी परात ठेवून एखादा माणूस उभा दिसेल. परातीवर मलमल, तिच्याखाली दुधाच्या फेसाचा डोंगर, वरचा थर केशराने पिवळसर झालेला. तो चमच्याने हलकेच फेस उचलून द्रोणात घालतो, वर भुरा साखर आणि खवा भुरभुरतो. तोंडात घातला की दातांना काही लागतच नाही, जिभेवर नुसती थंड गोडी उरते. हीच दौलत की चाट. थंड रात्री दूध घुसळून काढलेला हा फेस उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून होळीच्या सुमारास हे विक्रेते दिसेनासे होतात. लाल गाजराचा हलवा, गजक, रेवडी, निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्याची चाट हेही थंडीचंच.

आणि फेब्रुवारी-मार्च. इथे मी तटस्थ राहू शकत नाही. दुपारचा पारा फेब्रुवारीत २४, मार्चमध्ये ३० च्या आसपास. धुकं उठलेलं, लू दूर. अमृत उद्यान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडतं आणि मार्चच्या अखेरीपर्यंत पाहता येतं. प्रवेश विनामूल्य, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं. चाणक्यपुरीच्या शांतिपथावर ट्युलिप लावलेले असतात. ते थोडे दिवसच टिकतात, म्हणून त्यांच्यासाठी फेब्रुवारीचा मध्य धरा. जवळच फरिदाबादला सूरजकुंडचा हस्तकला मेळा याच सुमाराला भरतो. फेब्रुवारीच्या अखेरीला काटेसावरीवर पान नसतं, नुसती लाल फुलं. त्यांवर साळुंक्यांचा, पोपटांचा गोंधळ चाललेला असतो. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारच्या सुंदर नर्सरीत अर्धा दिवस निवांत बसा. आत जाताना तिकीट पडतं, पण दिल्लीचा वसंत म्हणजे काय ते तिथे कळतं. हवा याही दिवसांत मोजपट्टीच्या ‘चांगल्या’ रकान्यात क्वचितच असते. नोव्हेंबरशी तुलना केली तर मात्र श्वास मोकळा घेता येतो.

७. घरच्यांच्या तारखा लावून बघा

खरी अडचण इथे येते. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्या वर्षी घरात परीक्षार्थी आहे, त्या वर्षी दिल्ली नको, किंवा ऑक्टोबर घ्या. बाकीच्या मुलांसाठी १९ फेब्रुवारीची शिवजयंती, तिच्या आगेमागे येणारा शनिवार-रविवार आणि बऱ्याच वर्षी जवळच येणारी महाशिवरात्र एकत्र धरा. दोन-तीन दिवसांची रजा जोडली की आठवडा होतो. शाळेत आधी चिठ्ठी द्या. चौथी-पाचवीतल्या मुलाचे तीन दिवस बुडाले तर ते भरून निघतात.

होळी आपल्या आठवड्यात येते का पाहा. रंगाच्या दिवशी दिल्ली मेट्रो दुपारी अडीचपर्यंत बंद असते आणि बाजार उघडत नाहीत. तो एक दिवस मोकळाच धरावा लागतो.

८. वार ठरवा

सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर, अमृत उद्यान, रेल्वे संग्रहालय, सगळं बंद. शुक्रवारी ताजमहाल बंद. यातून सरळ निघतं ते असं: सोमवारी संध्याकाळी मुंबईहून राजधानीने निघा, मंगळवारी सकाळी दिल्लीत उतरा, आग्रा बुधवारी किंवा गुरुवारी करा. कुतुब आणि हुमायूनचा मकबरा सोमवारीही उघडे असतात. मुक्काम लांबला तर ते त्या दिवसासाठी राखून ठेवा.

९. मागे मोजून तिकीट काढा

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. २० फेब्रुवारीला निघायचं तर २२ डिसेंबरला सकाळी आठ वाजता खिडकी उघडते. कालनिर्णयात त्या चौकटीत आजच खूण करा. राहायची जागा त्याच्याही आधी बघायला हरकत नाही. कार्तिकी एकादशीनंतर उत्तरेत लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि मुहूर्ताच्या दिवशी हॉटेलांचे दर चढतात.

१०. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात

‘मौसम’वर पश्चिमी विक्षोभाची सूचना आहे का पाहा. पश्चिमेकडून येणाऱ्या या प्रणालीने फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद-दोन सरी पडतात. पाऊस पडून वारा सुटला की पुढचे एक-दोन दिवस हवा स्वच्छ आणि आकाश निळंशार असतं. कुतुबमिनार, पुराना किल्ला असं उघड्यावरचं त्या दिवसांत घ्या. ‘समीर’वर आकडा ३०० च्या पुढे दिसला तर सकाळचं चालणं रद्द करून दुपार बाहेर काढा, कारण पहाटे धूर जमिनीलगत असतो आणि ऊन चढलं की वर जातो. कपडे दोन थरांत घ्या: सकाळ-संध्याकाळी स्वेटर, दुपारी साधा सुती शर्ट.

एवढं सगळं मांडत बसायला वेळ नसेल तर माझं मत सरळ सांगून टाकते: फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, मंगळवार ते रविवार. तो जमत नसेल तर मार्चचा पहिला. तोही जमत नसेल तर ऑक्टोबरचा पहिला. आणि हातात फक्त दिवाळीनंतरची सुट्टी असेल तर त्या वर्षी दुसरीकडे कुठेतरी जा, दिल्ली पुढच्या वसंतासाठी ठेवा.